भाडेकरू गेला, त्याची किल्ली कुठे गेली?

मडगावहून ओखा किंवा अजमेरकडे जाणाऱ्या गाड्यांना सुरतेच्या अलीकडे सचिन, भेस्तान आणि उधना ही तीन स्थानके लागतात. भेस्तान लहान स्थानक. लांब पल्ल्याच्या गाड्यांतील प्रवाशाला त्याचे नाव वाचायलाही सवड मिळत नाही. दक्षिणेला सचिनची औद्योगिक वसाहत, उत्तरेला पांडेसऱ्याची, आणि या दोहोंच्या मध्ये कामगारांच्या भाड्याच्या खोल्या, असे या भागाचे स्वरूप आहे. धुळे, नंदुरबार, जळगावहून तापी खोऱ्याच्या रेल्वेमार्गाने आलेली खानदेशी कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, भेस्तान या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. सुरत महापालिका त्यांच्या मुलांसाठी मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. त्यांच्या शेजारी ओडिशाचा यंत्रमाग कामगार असतो, उत्तर प्रदेश-बिहारचा रंगाई कामगार असतो. २०११ च्या जनगणनेत सुरत शहराची लोकसंख्या सुमारे ४४ लाख ६७ हजार नोंदली गेली. त्यानंतरच्या वाढीचा मोठा वाटा अशाच खोल्यांनी सामावून घेतला आहे.

या खोल्यांत कोण राहते, याची शासनाला काळजी आहे. सुरतेचे पोलीस आयुक्त वेळोवेळी अधिसूचना काढून घरमालकांना भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्यास बजावतात. अशा प्रतिबंधात्मक आदेशाची मुदत कायद्यानेच दोन महिन्यांची असते, म्हणून तो पुनःपुन्हा काढावा लागतो. भाडेकरूचे छायाचित्र, ओळखपत्र, मूळ गाव, पूर्वीचा पत्ता, कामाचे ठिकाण हे सारे विचारले जाते. घरकुल वसाहतींत मूळ लाभार्थ्याऐवजी कुणी भाडेकरू राहतो आहे का, याचीही तपासणी होते आणि तसे आढळल्यास घराला सील लागते. या साऱ्या कागदपत्रांत एक प्रश्न मात्र कुठेही नाही : या खोलीच्या किल्ल्या किती, आणि त्या कोणाकोणाकडे आहेत?

हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. आपल्याकडेही तो कुणी विचारत नाही. गोवा विधानसभेने २०२४ साली भाडेकरूंच्या पडताळणीसाठी स्वतंत्र कायदा केला. माहिती न देणाऱ्या घरमालकाला दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आली. वेर्णा, कुंडई, झुआरीनगर परिसरातील खोल्यांपासून पणजी-पर्वरीतील सदनिकांपर्यंत सर्वांना तो लागू आहे. त्यामागे गुन्हे रोखण्याचा हेतू आहे आणि त्या हेतूबद्दल वाद नाही. पण या कायद्याची दृष्टी एकाच दिशेची आहे. येणाऱ्या भाडेकरूपासून समाजाला काय धोका आहे, एवढेच तो पाहतो. येणाऱ्या भाडेकरूला त्या घरापासून काही धोका आहे का, हे पाहणे कुणाच्याच कार्यकक्षेत येत नाही.

भेस्तानलगतच्या सचिन भागातच याचा दारुण प्रत्यय आला होता. ६ जुलै २०२४ रोजी तिथल्या पाली गावातील एक बहुमजली निवासी इमारत कोसळली आणि सात जणांचा बळी गेला. इमारत दहा वर्षांचीही नव्हती आणि राहणारे बहुतेक भाड्याने राहणारे कामगार होते. कुलपाचा प्रश्न त्या मानाने अगदी लहान आहे. पण राहणाऱ्याची सुरक्षितता कोणी पाहायची, हा त्यातला मुद्दा तोच आहे.

आता कुलपाकडे वळू. भेस्तानसारख्या वसाहतीतील ओळीने बांधलेल्या खोलीला बहुधा कडी-कोयंडा असतो आणि त्यात अडकवायचे कुलूप भाडेकरू स्वतःचे आणतो. बादली, स्टोव्ह, गादी यांच्यासोबत कुलूपही त्याच्याच सामानात असते. तो खोली सोडतो तेव्हा कुलूप काढून घेऊन जातो, आणि नवा माणूस आपले लावतो. गरिबाच्या या व्यवस्थेत दोन भाडेकरूंमधला कुलूपबदल आपोआप होतो! कुणाला सांगावे लागत नाही, कायदा लागत नाही, खर्चाचा वाद होत नाही.

पण या सोयीलाही मर्यादा आहेत. यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. दिवसपाळीचा माणूस कामाला गेला की त्याच जागेवर रात्रपाळीचा येऊन झोपतो. सुरतेतील ओडिया कामगारांच्या ‘मेस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सामायिक खोल्यांविषयी पत्रकारांनी आणि कामगारांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी पुष्कळ लिहिले आहे. अशा खोलीत एक कुलूप आणि दहा माणसे असतात. किल्ली खिळ्याला टांगलेली असते, नाहीतर प्रत्येकाकडे बनवून घेतलेली एकेक असते. दोघे गावी गेले आणि परतले नाहीत, तिसऱ्याने दुसरीकडे काम धरले, तरी कुलूप तेच राहते, कारण ते आता कोणा एकाचे उरलेले नसते. पगाराचे पैसे पेटीतून गेले तर दार फोडल्याची खूण नसते आणि संशय साहजिकच खोलीतल्या नऊ जणांवर येतो. भांडण होते, हाणामारी होते, एखाद्याला खोली सोडावी लागते. ज्याने सहा महिन्यांपूर्वी खोली सोडली त्याचे नाव कुणाच्या मनातही येत नाही.

खोलीऐवजी सदनिका आली की स्थिती उलटते. दाराला बसवलेले कुलूप असते, लॅच असते, आणि ते घराचाच भाग मानले जाते. त्याच्या किल्ल्या घरमालक भाडेकरूच्या हाती देतो व जाताना मोजून घेतो. निदान घ्याव्यात अशी अपेक्षा असते. एक साधा हिशेब करून पाहावा. भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचे असतात, कारण एक वर्षापेक्षा अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार सक्तीने नोंदवावा लागतो आणि ती कटकट दोन्ही बाजूंना नको असते. दहा वर्षांत सहा भाडेकरू आले आणि प्रत्येकाला तीन किल्ल्या दिल्या असे धरले, तर अठरा वेळा किल्ली हातातून हातात गेली. त्यातली एखादी हरवली म्हणून पदपथावरच्या चावीवाल्याकडून नवी करून घेतली गेली, एखादी कामवाल्या बाईंकडे राहिली, एखादी दलालाकडे घर दाखवण्यासाठी ठेवली आणि तिथेच विसरली. सहावा भाडेकरू रात्री आतून दार लावतो तेव्हा त्या दाराच्या किती किल्ल्या गावात फिरत आहेत, हे घरमालकालाही सांगता येणार नाही. करारनाम्याच्या परिशिष्टात पंखे किती, दिवे किती, गिझर चालतो की नाही याची यादी असते. किल्ल्यांचा उल्लेख झालाच तर ‘ताबा दिला’ या दोन शब्दांत उरकतो.

यावर सर्वसाधारण उत्तर असे की, ‘इतकी वर्षे काही झाले नाही.’ हे उत्तर घरमालकाचे असते. झाले तर ते भाडेकरूचे होते, हे त्यात गृहीतच धरलेले असते. एकट्या राहणाऱ्या नोकरदार स्त्रीला विचारले तर उत्तर वेगळे मिळेल. पुष्कळ मुली नव्या घरात पहिल्या दिवशी आतून जादा कडी बसवून घेतात आणि त्याचे पैसे स्वतःच्या खिशातून देतात. घरात असताना ती कडी उपयोगी पडते. बाहेर पडल्यावर दाराला पुन्हा जुने कुलूपच राखण करते.

जुन्या किल्लीने चोरी झाली तर काय होते, हे पाहिले की प्रश्नाचे खरे गांभीर्य कळते. आपल्या फौजदारी कायद्याच्या दृष्टीने हा प्रकार सरळ घरफोडी आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४४५ मध्ये घरफोडी कशाला म्हणावे याची उदाहरणे दिली होती. दुसऱ्याच्या घराची हरवलेली किल्ली एखाद्याला सापडली आणि तिने दार उघडून तो गैरहेतूने आत शिरला, तर ती घरफोडीच, असे त्यांपैकी एक उदाहरण स्पष्ट सांगत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही कल्पना कायम आहे. म्हणजे दार फुटलेच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. कुलूप उघडून आत जाणे पुरेसे आहे, मग ते कशानेही उघडलेले असो.

विम्याचे तसे नाही. चोरीच्या विम्यात ‘बळजबरीने आणि मोडतोड करून’ प्रवेश झाल्याची अट सर्रास असते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात ती अट शब्दशः लागू केली. पॉलिसीत घरफोडीची जी व्याख्या दोन्ही पक्षांनी मान्य केली तीच बंधनकारक, फौजदारी कायद्यातली व्याख्या इथे आणता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. परिणाम असा की, पोलीस ज्याला घरफोडी म्हणून नोंदवतील त्यालाच विमा कंपनी घरफोडी नव्हे म्हणून नाकारू शकते. एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांना सक्तीने द्यावी लागणारी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाण पॉलिसी पाहावी, तर तिच्यात चोरीला संरक्षण आहे ते आग, पूर यांसारखी विम्यात मोडणारी आपत्ती घडल्यानंतरच्या सात दिवसांपुरते. एरवीच्या चोरीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते आणि तिथे पुन्हा मोडतोडीची अट समोर उभी राहते.

तेव्हा जुन्या किल्लीने झालेल्या चोरीत भाडेकरू तिहेरी कोंडीत सापडतो. दार शाबूत असल्याने तक्रारीवर सहज विश्वास बसत नाही. बसला तर प्रथम संशय घरच्या माणसांवर आणि मोलकरणीवर जातो. विमा असला तरी पैसे मिळण्याची शाश्वती नाही. घरमालकाचे यात काहीच जात नाही, मात्र ज्याचे काही जात नाही त्याच्याच हाती कुलूप बदलण्याचा अधिकार असतो. करारात बहुधा असे कलम असते की, लेखी परवानगीशिवाय घरात कोणताही बदल करू नये.

अशा ठिकाणी कायद्याने जबाबदारी नीट ठरवून द्यावी ही अपेक्षा. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडे कायद्याला मंजुरी दिली. राज्यांनी तो स्वीकारावा किंवा त्यानुसार आपले कायदे सुधारावेत अशी ती योजना. निवासी जागेसाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित करावी, घरमालकाने आत यायचे असेल तर चोवीस तास आधी सूचना द्यावी, अशा काही चांगल्या गोष्टी त्यात आहेत. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत दुरुस्तीची वाटणी केली आहे. इमारतीच्या रचनेची दुरुस्ती, भिंतींना रंग, नळाच्या वाहिन्या, विजेचे मुख्य काम हे घरमालकाकडे. नळ, मोरी, दिव्यांची बटणे भाडेकरूकडे. आणि भाडेकरूच्याच यादीत दारे, कपाटे, खिडक्या यांच्या मुठी आणि कुलपे बदलण्याचे काम टाकले आहे.

वापरताना मूठ तुटली, कुलूप गंजले, तर ते भाडेकरूने बदलावे, हे समजण्यासारखे आहे. मसुदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तेवढेच असावे. पण भाडेकरू बदलताना कुलूप बदलणे ही दुरुस्ती मुळी नव्हेच. कुलूप उत्तम चालू असते, बिघडलेला असतो तो त्याच्यावरचा विश्वास. या बाबीला आदर्श कायद्यात स्वतंत्र जागा नाही, त्यामुळे वाद झाला तर ती ‘कुलपे बदलणे’ या शब्दांखाली ढकलली जाईल आणि खर्च येणाऱ्याच्या माथी बसेल. उत्तर प्रदेश, आसाम यांसारख्या मोजक्या राज्यांनी या धर्तीवर कायदे केले. गुजरातमध्ये मुंबई इलाख्याच्या काळातील १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याचा वारसा चालत आला, महाराष्ट्राने १९९९ चा आपला कायदा केला आणि गोव्यात १९६८ चा इमारती (भाडेपट्टा, भाडे व निष्कासन) नियंत्रण कायदा आहे. भाडेवाढ आणि निष्कासन हे या साऱ्या कायद्यांचे विषय. किल्ली त्यांच्या गावीही नाही.

अन्यत्र याचा विचार झालेला आहे. अमेरिकेतील टेक्सस हे राज्य भाडेकरूंचे फाजील लाड करण्यासाठी मुळीच प्रसिद्ध नाही. तरीही तिथला मालमत्ताविषयक कायदा सांगतो की, भाडेकरू बदलल्यापासून सात दिवसांच्या आत घरमालकाने स्वतःच्या खर्चाने कुलपाची किल्ली बदलून द्यावी. इलिनॉय राज्याने शिकागो ज्या कुक परगण्यात येते तिथल्यासाठी असाच नियम केला आणि पुढे एक पाऊल टाकले : कुलूप न बदलल्यामुळे चोरी झाली तर नुकसानीची जबाबदारी घरमालकावर. या एका वाक्याने सारा हिशेब बदलतो. चोरीचा भार ज्याच्यावर पडणार तोच कुलूप बदलायला धावतो, त्याला उपदेशाची गरज लागत नाही.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी, कारण कुलूप बदलण्याचा अधिकार आपल्याकडे दुसऱ्याच कामासाठी वापरला जातो. मराठीत ‘कुलूप लावणे’ आणि ‘टाळे ठोकणे’ हे दोन वेगळे प्रयोग आहेत आणि फरक नेमका आहे. आपल्या घराला आपण कुलूप लावतो. दुसऱ्याच्या वापरातील जागेला टाळे ठोकले जाते. भाडे थकले की मालकाने भाडेकरूच्या कुलपावर आपले दुसरे कुलूप चढवायचे, हा प्रकार सुरतेत होतो, मुंबईत होतो आणि गोव्यातही होतो. संध्याकाळी कामावरून परतलेला माणूस स्वतःच्या भांड्याकुंड्यांपासून, मुलांच्या पुस्तकांपासून तोडला जातो. २०२० च्या टाळेबंदीत तर या भीतीने लाखोंना पछाडले होते. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढून मजुरांकडून एक महिना भाडे मागू नये आणि त्यांना घर सोडायला भाग पाडणाऱ्यांवर कारवाई करावी, असे बजावले. तरी त्याच एप्रिलमध्ये सुरतेचे मजूर गावी जाऊ देण्याच्या मागणीसाठी रस्त्यावर उतरले. काम बंद असताना खोलीचे भाडे कुठून भरणार, ही त्यांची विवंचना त्या आदेशाने मिटली नव्हती.

कायदा याबाबतीत जुना आणि स्पष्ट आहे. स्थावर मालमत्तेच्या ताब्यातून एखाद्याला त्याच्या संमतीविना आणि कायद्याच्या मार्गाविना हुसकावले, तर १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागू शकतो. मालकी कोणाची हा प्रश्न त्या दाव्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली कृष्णा राम महाले विरुद्ध शोभा व्यंकट राव या खटल्यात हेच सांगितले. स्थिर ताब्यात असलेल्या व्यक्तीला, तिचा राहण्याचा हक्क संपला असला तरी, कायदेशीर मार्गानेच बाहेर काढता येते. एका दाराच्या कुलपाविषयी म्हणून दोन परस्परविरुद्ध वाटणारे नियम हवेत. भाडेकरू राहत असेपर्यंत मालकाने कुलपाला हात लावायचा नाही, आणि तो गेल्यावर हात लावल्याशिवाय राहायचे नाही. आज बहुधा उलटे घडते.

खर्चाचा आक्षेप येईलच. पण कुलूप बदलणे म्हणजे दार नवे करणे नव्हे. हल्लीच्या बहुतेक सदनिकांच्या दारात कुलपाची पेटी वेगळी आणि किल्ली जिच्यात फिरते ती नळकांडी, म्हणजे सिलिंडर, वेगळी असते. दाराच्या कडेचा एक स्क्रू सैल केला, किल्ली किंचित फिरवली की सिलिंडर हातात येतो आणि त्याच मापाचा दुसरा बसवता येतो. काम पंधरा मिनिटांचे. साध्या सिलिंडरची किंमत काही शे रुपये. एका महिन्याच्या भाड्यासमोर, दलालीसमोर, नव्या रंगासमोर ही रक्कम नगण्य आहे. दोन भाडेकरूंच्या मधल्या काळात रंग देण्याची रीत आहेच. भिंतीवरचे मागच्या माणसाचे हाताचे डाग पुसायला आपण खर्च करतो, त्याच्या हातातली किल्ली निकामी करायला करत नाही.

जुन्या पद्धतीचे लिव्हरचे कुलूप असेल तर पूर्ण बदलावे लागते, तो खर्च थोडा अधिक. ज्या घरमालकाचे एकच घर आहे आणि त्याच्या भाड्यावर ज्याचा औषधपाण्याचा खर्च चालतो, त्याची अडचण खरी आहे. त्यासाठी मार्ग आहे. दोन घरांची कुलपे आपापसांत बदलता येतात. एकच घर असेल तर दोन सिलिंडर ठेवून आलटून पालटून बसवता येतात, मात्र तिसऱ्या भाडेकरूपाशी पहिल्याच्या किल्ल्या पुन्हा जिवंत होतात हे लक्षात ठेवून. मालकाकडे एक किल्ली असू नये का, असाही प्रश्न निघतो. वायुगळती झाली, नळ फुटला तर? असावी, पण भाडेकरूच्या माहितीने, बंद पाकिटात त्याची सही घेऊन.

गोव्यात या विषयाला एक खास पदर आहे. बार्देश, पेडणे, सालसेतच्या किनारपट्टीवर घरे दिवसांवर भाड्याने जातात. तिथे भाडेकरू अकरा महिन्यांनी बदलत नाही, शनिवारी बदलतो. पर्यटन व्यवसाय नोंदणीचा १९८२ चा कायदा अशा घरांना लागू आहे आणि परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांत कळवावी लागते. इथेही पाहुण्याची नोंद आहे, किल्लीची नाही. पुष्कळ ठिकाणी किल्ली दाराशेजारच्या आकडी पेटीत ठेवतात आणि पेटीचा क्रमांक पाहुण्याला संदेशाने कळवतात. तो क्रमांक अख्ख्या हंगामात एकदाही बदलला जात नसेल, तर ती पेटी म्हणजे उंबऱ्याखाली ठेवलेली किल्लीच. अंकांवर उघडणाऱ्या नव्या कुलपांनी हे काम फुकटात होऊ शकते : पाहुणा गेला की क्रमांक बदलायचा. यंत्र ते करू देते. माणसाने करायला हवे. हंगाम संपल्यावर तेच घर चार महिन्यांसाठी इथल्याच एखाद्या कुटुंबाला किंवा कामगारांना दिले जाते, आणि हंगामभर येऊन गेलेल्या अनोळखी पाहुण्यांना ठाऊक असलेला क्रमांक त्यांना वारशाने मिळतो.

परप्रांतीय भाडेकरू हा आपल्याकडे राजकीय विषय झाल्यामुळे पडताळणीची चर्चा नेहमी तो कुठून आला यावर थांबते. वेर्ण्याला खोली घेणारा ओडिशाचा किंवा बेळगावचा मजूर आणि पर्वरीत सदनिका घेणारे काणकोणचे जोडपे यांची गरज इथे एकच आहे. पडताळणीचा अर्ज घरमालक भरतच असतो. त्यात दोन ओळी वाढवायला फारसे कष्ट नाहीत : मागील भाडेकरू गेल्यावर कुलूप अथवा सिलिंडर बदलल्याची तारीख, आणि दिलेल्या किल्ल्यांची संख्या. खोटे लिहिल्यास तोच दंड. यामुळे पोलिसांचीही सोय होईल. चोरी झालीच तर तपास किल्लीपासून सुरू करता येईल, मोलकरणीपासून करावा लागणार नाही.

शासन स्वतः घरमालक असते तिथे तर अर्जाचीही गरज नाही. जुलै २०२० मध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली. शहरांत रिकाम्या पडलेल्या सरकारी घरकुलांची डागडुजी करून ती स्थलांतरित कामगारांना भाड्याने द्यायची होती. या योजनेत आरंभी पुढे आलेल्या शहरांपैकी सुरत एक होते. तिथली ३९३ घरे अशा रीतीने भाड्याची झाली. एकाच संचालकाकडे पंचवीस वर्षांसाठी घरे सोपवायची, अशी ही पद्धत. एवढ्या घरांचे एकच कंत्राट असते तेव्हा कुलूपबदलाचे एक कलम घातले की शेकडो दारांचा प्रश्न सुटतो. गोव्यात शासकीय निवासस्थाने आहेत, पुनर्वसन मंडळाच्या सदनिका आहेत, विद्यार्थ्यांची वसतिगृहे आहेत. सुरुवात तिथून करता येईल.

तोपर्यंत नव्या भाडेकरूने काय करावे? करार करतानाच कुलूप बदलण्याची लेखी परवानगी मागावी आणि किल्ल्यांची संख्या करारात लिहून घ्यावी. मालक खर्च करायला तयार नसेल तर सिलिंडर स्वतः आणून बसवावा आणि काढलेला जुना सिलिंडर किल्ल्यांसह जपून ठेवावा, म्हणजे घर सोडताना होते तसे परत करता येते. पुष्कळ जण आज हेच करतात. त्यात खोट एवढीच की, ते जुना सिलिंडर परत बसवून निघून जातात, आणि गावात फिरणाऱ्या सगळ्या जुन्या किल्ल्या त्या दाराला पुन्हा लागू पडतात.